सतरा नंबरचा दगड

नमुन्याचा दगड पिशवीत टाकण्याआधी त्यावर नंबर घालायचा, हा सरांचा नियम होता. आधी पांढऱ्या रंगाचा ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने आकडा आणि मग वहीत त्या आकड्यापुढे जागा. रंग वाळायला वेळ लागतो. माझ्या हातून जे घडलं ते त्या वेळापायी घडलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

राज्य नवीन होतं. आमच्या कॉलेजच्या कागदांवर 'मध्य भारत' खोडून वर 'मध्य प्रदेश' टाईप केलेलं असे. भूगर्भशास्त्राचा विभाग म्हणजे एक खोली, दोन कपाटं, सर, एक लॅब अटेंडंट आणि सरांचाच जुना विद्यार्थी म्हणून डेमॉन्स्ट्रेटर लागलेला मी. इथे नुसतं शिकवतात, संशोधन होत नाही, असं बाकीचे म्हणत. सरांना ते खोटं ठरवायचं होतं आणि निवृत्तीला तीनच वर्षं उरली होती.

त्या दिवशी मानपूरच्या पुढे घाटात आम्ही दोन नाले पाहिले, एक वरचा आणि एक खालचा. सर नकाशा घेऊन पुढे गेले होते. साडेचारची बस गाठायची होती, म्हणून शेवटचे पाच दगड मी नंबर न घालताच पिशवीत टाकले. आठवेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसून ते रंगवले. तीन आठवले, दोन नाही आठवले. त्यांना सोळा आणि सतरा नंबर दिले आणि वहीत दोघांपुढे 'वरचा नाला' लिहून टाकलं.

अटेंडंट दारातून बघत होता. "क्यों भिया, पत्थरांची जन्मपत्री घरी आल्यावर बनवता काय?"

मी हसलो.

चार दिवसांनी सरांनी सतरा नंबर भिंगाखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही. करड्या दगडात ज्वारीच्या दाण्याएवढे शंख होते, गोड्या पाण्यातले.

"हा कुठला रे?"

"वरच्या नाल्यातला, सर."

"नक्की?"

"नक्की."

माळव्याचा काळा दगड म्हणजे एकावर एक थिजलेला लाव्हा. मधे शंख सापडले, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तिथे तळं होतं. ते कोणत्या दोन थरांमध्ये होतं, हे जागेवरून ठरतं. माझ्या एका शब्दावर सरांनी ते तळं डोंगरात एक मजला वर नेऊन ठेवलं. त्यांचं टिपण छापून आलं तेव्हा त्यांनी विभागात सगळ्यांना पेढे दिले. माझा पेढा मी रुमालात बांधून घरी नेला.

मग नागपूरहून एका मोठ्या भूवैज्ञानिकांचं पत्र आलं, जागा पाहायची आहे म्हणून. त्या दिवसापासून माझा डबा अर्धा परत जाऊ लागला. आई विचारायची, मी उन्हावर ढकलायचो.

पाहुणे आले. सकाळपासून दुपारपर्यंत दोघं वरच्या नाल्यात गुडघ्यांवर बसून दगड फोडत होते. शंख नव्हते. सर माझ्याकडे वळले. "तू होतास ना रे? बघ बरं, इथेच ना?"

"इथेच, सर."

पाहुण्यांनी हात झटकले. "एका दगडावर एवढं लिहू नये. असा दगड कुणी बाहेरून आणूनही टाकतं. जागा सापडली नाही, असं मला छापावं लागेल. महिनाभर थांबतो."

परतताना बसमध्ये सरांनी हातोडा मांडीवर धरला होता, पिशवीत ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी दर रविवारी एकटा जाऊ लागलो. दुसऱ्या रविवारी खालच्या नाल्यात, वीतभर जाडीच्या करड्या थरात, शंख सापडले. शेकड्यांनी होते. त्या थरातला एक दगड मी फोडून घेतला. सरांचं तळं खरं होतं. फक्त ते त्यांना परत द्यायचं तर आधी माझं सांगावं लागणार होतं.

तो दगड मी दोन आठवडे कपाटात ठेवला. रोज सकाळी कपाट उघडायचो, बघायचो, बंद करायचो.

शेवटी सरांच्या टेबलावर ठेवला. त्यावर नंबर होता, जागेवरच घातलेला.

"खालच्या नाल्यातला आहे, सर. सतराही तिथलाच असणार. मी नंबर लॅबमध्ये घातले होते."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, सर. पण माहीत नाही, हे माहीत होतं."

त्यांनी दगड फिरवून त्यावरचा नंबर पाहिला. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "त्यांना पत्र लिही. तुझ्या नावाने." मी लिहिलं. त्यातला 'कदाचित' त्यांनी खोडला.

पत्र पोचेपर्यंत पाहुण्यांचा मजकूर छापखान्यात गेला होता. आमचा खुलासा पुढच्या अंकात शेवटच्या पानावर चार ओळींत आला. पाहुण्यांचा मजकूर ज्यांनी वाचला, त्यांतल्या किती जणांनी त्या चार ओळी पाहिल्या असतील, हा हिशेब मी अजून करतो. दोन आठवडे आधी बोललो असतो तर तो मजकूर छापलाच गेला नसता.

सर मला रागावले नाहीत. नंतरही प्रत्येक फेरीला मला नेलं, अर्धी पोळी तोडून दिली. पण पांढऱ्या रंगाची बाटली आणि ब्रश ते स्वतःच्या खिशात ठेवू लागले. शेवटच्या वर्षी त्यांचा हात थरथरायचा, आकडे वाकडे यायचे. मी शेजारी उभा असायचो. ब्रश त्यांनी माझ्या हातात दिला नाही आणि मलाही कधी मागता आला नाही.