दुखवट्यांची दोन मिनिटं

दुखवटे जिवंत गायकाचं गाणं ऐकत नसत. माणूस गेला, की मगच त्याचा आवाज त्यांना आवडू लागे. त्यांचं खरं आडनाव वेगळं. दुखवटे हे आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाने ठेवलेलं. नोकरी तुआसच्या कारखान्यात, राहायला जुरोंग ईस्टला, आमच्या खालच्या मजल्यावर. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती, पण तिकडच्या जुन्या कंट्री आणि ब्लूज गायकांचे मृत्यू तोंडपाठ. एखाद्याची पुण्यतिथी आली, की ग्रुपवर फोटो आणि खाली ‘एक पर्व संपलं’. ते पर्व आमच्या जन्माआधीच संपलेलं असे. तरी निम्मं मंडळ हात जोडून मोकळं होई.

एकदा सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, भेटले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "साठे, आज पोरका झालो."

मी हादरलो. त्यांच्या आई पुण्यात असतात. "आईंना काही...?"

"आई ठणठणीत आहे हो! मिसिसिपीचा शेवटचा गिटारवाला गेला."

त्यांच्या सांगण्यात सगळे गायक तिशीच्या आत, दारूने, विमान पडून नाहीतर प्रेमभंगाने मरत. मला आकडा पडताळल्याशिवाय चैन पडत नाही. एकाचं वय तपासलं, तर गृहस्थ ऐंशी ओलांडून, पणतवंडं खेळवून झोपेत गेलेले. दुखवट्यांना ते लागलं. "साठे, तुम्ही माणसाला नीट मरूसुद्धा देत नाही."

वहिनी मात्र सुरेख गात. पोळ्या लाटताना त्यांचं भावगीत आमच्या खिडकीपर्यंत येई. तेव्हा दुखवटे हॉलमध्ये हेडफोन लावून कुणा मयताचं गाणं ऐकत बसलेले. मी म्हटलं, "वहिनींचं ऐकता का कधी?"

"ती कुठे पळून चालली आहे?" दुखवटे म्हणाले. "ऐकू कधीतरी."

यंदा त्यांच्या पासचं, म्हणजे इथे नोकरी करण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण झालं नाही. दिवाळीनंतर कायमचं पुण्याला जायचं ठरलं. तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वहिनींनी मंडळाकडे काही मागितलं. "जाण्याआधी एक गाणं म्हणू का?" बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोतल्या हॉलमध्ये दिवाळीचा कार्यक्रम होता. वहिनींचं गाणं शेवटी ठेवलं. हॉल नऊला सोडायचा, आणि तिथला गार्ड वर एक मिनिट देत नाही.

पावणेनऊला दुखवट्यांच्या हाती माइक दिला. बायकोची ओळख करून द्यायची, दोन शब्दांत. त्यांनी घसा खाकरला. "आजच एका थोर गायकाच्या निधनाची बातमी आली..." मग कापसाची शेतं आली, मालगाड्या आल्या, व्हिस्की आली. मागे वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या. इथेच वाढलेली माझी लेक इथल्या धेडगुजरी इंग्रजीत कानाशी कुजबुजली, "बाबा, आंटीचं गाणं कधी? अंकल सो लाँग, लाह." गार्डने दार उघडून मनगटावर बोट ठेवलं.

"आता आपण उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू या," दुखवटे म्हणाले.

हे वाक्य ऐकलं की मराठी माणूस उठतो. कोण गेलं ते विचारत नाही. आम्ही उठलो, माना खाली घातल्या. वहिनी पुढे आल्या, नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि तानपुऱ्याशिवाय गायला लागल्या.

दुखवट्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. स्तब्धता त्यांचीच होती, मोडणार कशी? काहीतरी धार्मिक चाललं आहे असं वाटून गार्डनेही टोपी काढली. दोन मिनिटं होऊन गेली. कुणी हललं नाही.

गाणं संपलं. स्तब्धता ज्याने सुरू केली त्याने ‘ॐ शांती’ म्हणायचं, मग लोकांनी बसायचं, अशी रीत. आम्ही दुखवट्यांकडे पाहिलं. ते वहिनींकडे बघत होते.

"हे कधी शिकलीस?"

"लग्नाआधी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा हेच म्हटलं होतं."

दुखवट्यांना काही ‘ॐ शांती’ म्हणवेना. आम्ही सगळे उभेच.