मधल्या मालाचे ठोकळे

जळगाव-धुळ्यातल्या आम्ही काही बांधकाम इंजिनिअरांनी एक गट केला होता. गरीब घरच्या मुलांना रविवारी साइटवर शिकवायचं आणि दरवर्षी त्यांतल्या एकाची इंजिनिअरिंगची सगळी फी भरायची. माझ्या वाट्याला असोद्याची एक मुलगी आली. वडील केळी भरायच्या कामावर. ती बारावीला, गणितात पक्की, बोलायला कमी. मीही कमीच बोलतो, म्हणून आमचं जमलं.

निवडीसाठी तिनं प्रकल्प घेतला. आमच्या स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि धुळ्याच्या प्रयोगशाळेत मशीनखाली दाबून ते किती भार सोसतात ते बघायचं. मी तिला पुस्तकाबरहुकूम शिकवलं. काँक्रीटच्या गाडीतला पहिला माल नको, मधला घे. तीन थर, दर थराला सळईनं पस्तीस टोचे.

साइटवरची खरी रीत मात्र तिला सांगितली नाही. आमच्याकडं तपासणीचे ठोकळे गाडी आल्या आल्या भरतात. ते झाले की मग गाडीत पाइपनं पाणी सोडतात. माल पातळ होऊन पटकन सरकतो, पण कच्चा राहतो.

त्या दिवशी ऊन असं होतं की माल पंपातच घट्ट व्हायला लागला. आमचा मुकादम धुळ्याकडचा. तो वरून ओरडला, "भाऊ, माल सरकस नही! पाणी सोडा, इमारत काय कागदवर बांधतस का?"

मी पाइपवाल्याला म्हणालो, "सोड."

माझे ठोकळे भरून झाले होते. तिचे व्हायचे होते. ती घमेलं घेऊन मधल्या मालासाठी थांबली होती, मी शिकवलं तशी. हा माल घेऊ नकोस म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. ती मोठ्यानं टोचे मोजत होती, ते ऐकत मी उभा राहिलो.

पुढचे अठ्ठावीस दिवस रोज ठरवायचो, आज सांगू. ती रविवारी येऊन विचारायची, "सर, पास होतील ना?" मी म्हणायचो, "बघू."

धुळ्याला निवड समितीसमोर माझे ठोकळे पास झाले. तिचा पहिला भसकन फुटला. दुसराही. समितीतले ज्येष्ठ माझ्याकडं वळले. "काय हो, एकाच गाडीचा माल ना?"

खोलीतले सगळे माझ्याकडं बघत होते. वाक्य सरळ बाहेर आलं.

"मुलगी नवी आहे. टोचे कमी पडले असतील."

"पोरी, पोळ्या लाटतात तसं हळूच टोचलंस की काय?" ते म्हणाले. लोक हसले.

"पस्तीस मोजले होते," ती म्हणाली. त्यांना नाही, मला. मी मशीनच्या काट्याकडं बघत राहिलो.

फी दुसऱ्याला मिळाली. परतताना माझ्याच गाडीत तिचे वडील पुढं बसले होते. पारोळं आलं. मग म्हणाले, "साहेब, पोरीनं तुमचं नाव खराब केलं. माफ करजा." ती मागं बसून ऐकत होती.

नंतर त्या स्लॅबला भोकं पाडून नमुने काढले. ते ताकदीत कमी भरले, तुळया जाड कराव्या लागल्या. आमच्या कंपनीच्या मालकाला मी उन्हाचं कारण दिलं. तेव्हाही समितीला फोन केला नाही.

ती बीएस्सीला गेली. यंदा अर्ज पुन्हा निघाले. जुन्या मुलांना एकदाच संधी, तीही शिफारस असेल तर. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी असोद्याला गेलो आणि ओट्यावर बसून तिच्या वडिलांसमोर सगळं सांगितलं.

वडील उठून आत गेले. ती म्हणाली, "सर, पाइप मी पाहिला होता."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं."

मी तिथंच समितीला पत्र लिहायला घेतलं. लिहिलं की साइटवर पाणी जास्त झालं होतं, मुलीची चूक नव्हती. तिनं वाचलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "पाणी आपोआप नाही झालं सर."

खाली सही असणार होती, आणि पत्र वाचणाऱ्यांत, यंदाच्या समितीवर असलेला माझा मालकही होता. मी ती ओळ खोडली. लिहिलं, पाणी मी सोडायला लावलं. ठोकळे तिनं बरोबर भरले होते, हे माहीत असून मी समितीसमोर खोटं बोललो.

तिनं पुन्हा वाचलं, मोबाइलवर फोटो काढला आणि माझ्यासमोरच समितीला पाठवून दिला. चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.