सुभद्रेचा भाव

आमच्या सुभद्रेला एक किलोचं काही आणलेलं खपत नव्हतं. दुकानातून पुडी आणून हातात दिली की ती तळहातावर झेलून बघायची आणि म्हणायची, "हे काय आणलं? चिमणीला घालायचं हाय का?" मग दोन बोटांनी धरून, हात लांब करून ती पुडी कोनाड्यात ठेवायची. जशी काही मी मेलेली पालच आणलीय.

घरात माणसं दोन. ती आणि मी. मुलगा संतोष, सून अश्विनी आणि नात पुण्याला, हडपसरला. तरी निरवांगीच्या आमच्या घरात पाच किलो मोहरी होती. पाच किलो मोहरी म्हणजे काय, हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. एका फोडणीला चिमूटभर लागते. मी तिला म्हणालो, "सुभद्रे, ही मोहरी माझ्या तेराव्यालाबी संपायची न्हाय."

"मग चौदाव्याला वापरू," ती म्हणाली. "स्वस्त पडली."

स्वस्त पडली. हे दोन शब्द मी आठ-नऊ वर्षं ऐकले आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलं.

हे खूळ बारामतीच्या रस्त्याला होलसेलचा मोठा मॉल झाला तेव्हापासूनचं. तिथं सगळं पोत्यानं, डब्यानं, डझनानं. सुटं काही मिळत नाही. आणि आत सोडतात ते फक्त दुकानदाराला, कार्ड बघून. आमच्याकडं कुठलं दुकान? पण गावातल्या बशीरभाईचं किराणा दुकान आहे, त्याच्याकडं कार्ड होतं आणि कार्डावर सोबत आणखी एक माणूस चालायचा. तो महिन्याला आपला टेंपो घेऊन माल भरायला जायचा, तेव्हा ही पुढच्या सीटवर. ठेवणीतलं लुगडं नेसून. काटेवाडी मागं पडली की पिशवीतनं कंगवा काढून केस नीट करायची, असं बशीर सांगायचा.

पहिल्यांदा दारावरच्या वॉचमननं अडवलं. कार्डावर नाव बशीरचं, शेजारी ही कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलेली. "ह्या कोण तुमच्या?" त्यानं विचारलं. बशीर बोलायच्या आत हीच म्हणाली, "काकी हाय त्याची. ह्याचं शेंबडं नाक ह्या पदरानं पुसलंय. दावू का पदर?" पुन्हा तिला कोणी अडवलं नाही.

मी बशीरला म्हणायचो, "लेका, आपलंच गिऱ्हाईक आपल्याच टेंपोत घालून दुसऱ्याच्या दुकानात नेणारा तूच पहिला बघितला. बुडशील." तो हसायचा. "काकी माझ्या दुकानात सामान घ्यायला कवा यायच्या आबा? च्या प्यायला येत्यात. त्यो चालूच हाय."

तिनं काय काय आणलं ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. एकदा रवा आणला दहा किलो. त्याला जाळी धरली. तिनं तो अंगणात लुगड्यावर पसरला, चाळला, पाखडला आणि शेवटी कोंबड्यांना घातला. मी म्हणालो, "झालं का स्वस्त?" तर म्हणाली, "अंडी घालतील की त्या." एकदा तर साखर आणली. तीस किलो! आम्ही ऊसवाले. कारखान्याची सभासदाची साखर घरात पोत्यात पडलेली, मुंग्यांची रांग लागलेली, आणि ही बारामतीहून साखर आणती. त्या दिवशी मी जेवलो नाही. "कारखान्याची जाड हाय, ही बारीक हाय," ती म्हणाली. "तुमाला हिशोब कळत न्हाय, गप बसा."

मला हिशोब चांगला कळत होता. जायला-यायला अख्खा दिवस मोडतो. टेंपोच्या डिझेलमध्ये बशीरला काही द्यावं लागतं. दोन गोष्टी घ्यायला गेलेलं माणूस दहा घेऊन येतं, कारण तिथं मांडणीच तशी असते. आणि घेतलेलं खाणार कोण? ज्याच्या घरात दहा ताटं मांडतात त्याला हे परवडत असेल. आमच्यात दोन, त्यात एक माझं, आणि डॉक्टरनं मला तेल बंद केलेलं. हे सगळं मी तिला बोटावर मोजून दाखवायचो. ती तांदूळ निवडत राहायची.

एक मात्र होतं. दर महिन्याला मॉलमधून आली की संध्याकाळी फोन. "अश्विनी, तेलाचा पंधरा किलोचा डबा आणलाय गं तुमाला. एकवीसशेला पडला. पुण्यात मिळंल का असा? रविवारी न्यायला या." आणि ते यायचे. गाडी अंगणात लागायची, नात कोंबड्यांमागं पळायची, संतोष बनियनवर विहिरीकडं चक्कर मारायचा. जाताना डिकीत तेल, साबण, डाळ, चहा, सगळं. अश्विनी पैसे मोजून हिच्या हातात द्यायची. सून सरळ आहे, फुकटचं घेत नाही. हीही नको म्हणायची नाही. मला वाटायचं, चला, निदान तेवढा तरी धंदा जमला हिला.

संक्रांतीनंतर तिच्या छातीत दुखायला लागलं. चार दिवस दवाखान्यात होती. मी उशाशी बसलो होतो तर म्हणाली, "डबा दारातच ऱ्हायलाय. आत घ्या. संतोष यील." पाचव्या दिवशी गेली. तेराव्याला गल्लीतल्या बायांनी स्वयंपाक केला, फोडणीला तीच मोहरी. संपली नाही.

निघताना अश्विनीनं तो डबा गाडीत ठेवला आणि एकवीसशे रुपये माझ्या हातात दिले. रडत होती. म्हणाली, "आबा, आता तुम्ही कशाला दगदग करता? आम्ही तिकडंच मोबाइलवर मागवत जाऊ. दारात आणून देतात."

बरोबरच होतं तिचं. मीच तर हे वर्षानुवर्षं सांगत होतो.

पुढच्या महिन्यात नातीची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या महिन्यात संतोषला सुट्टी मिळाली नाही. फोन येतो रोज, तसं काही नाही. पण अंगणात गाडीच्या चाकाच्या खुणा होत्या त्या बुजल्या. मी बशीरकडं गेलो. म्हणालो, "मॉलला कवा जाणार हाईस?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं म्हशीनं इंग्रजीत विचारलंय.

मला तेल नको होतं. हे मी कबूल करतो.

आत गेलो तर एवढा उजेड आणि गारठा. ढकलगाडीचं एक चाक वाकडं, ती आपली डावीकडंच जाती. तेलाच्या डब्यांची थप्पी होती, वर भाव लिहिलेला. चोवीसशे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. बशीरला विचारलं, "वाढला का रं भाव?"

"न्हाय आबा. दिवाळीच्या आधीपास्नं ह्योच हाय."

माझं टाळकं सरकलं. बाहेर येऊन टेंपोत डबा ठेवताना मी त्याला सरळच म्हणालो, "तिला एकवीसशेचा भाव कुणी सांगितला? काय घोळ घातलास तू? तिला वाचता येत न्हवतं म्हणून?"

बशीरनं डब्यावरचा हात काढून घेतला. मग गेटाशेजारच्या कचऱ्याच्या पिंपाकडं बोट केलं.

"आबा, काकी बिल हितं फाडायच्या. दर खेपंला. चोवीसशेच मोजून द्यायच्या, डेअरीला म्हशीचं दूध घालायच्या त्याच्या पगारातनं. मला म्हणायच्या, तुझ्या आबाला सांगू नको, बोंबलतील. आन् सुनंला खरा भाव कळला तर ती पुण्यातच घील. मग हितं कशाला यील?"

मी टेंपोत बसलो. काटेवाडी आली, गेली. माफी मागायची मला सवय नाही. निरवांगीत पोचल्यावर त्याच्या दुकानात शिरलो आणि एक किलो मोहरी घेतली. घरात चार किलो असताना. त्यानं गुपचूप मोजून दिली, आणि चहा सांगितला.

मॉल स्वस्त नव्हताच. डब्यामागं तीनशेची सूट ही देत होती, दूध घालून. आणि मी तिला आठ-नऊ वर्षं हिशोब शिकवत होतो. म्हैस माझ्या डोळ्यांदेखत रोज पिळत होती ती, आणि मी एकदाही विचारलं नाही की त्या पगाराचं काय होतं. सांगायचं होतंस की, सुभद्रे. भांडलो असतो मी, दोन दिवस जेवलो नसतो, दुसरं काय झालं असतं?

संध्याकाळी अश्विनीला फोन लावला. "तेलाचा डबा आणलाय. न्यायला या."

"आबा, तुम्ही गेला होता? कशाला एवढं? कितीला पडला?"

जन्मात मी भाव खोटा सांगितला नाही. बैल विकतानासुद्धा त्याची खोड सांगून विकला.

"दोन हजार," मी म्हणालो.

"दोन हजार?" तिनं परत विचारलं. मला वाटलं, पकडली चोरी. मग तिचा आवाज जरा जड झाला. "आईंना एकवीसशेला पडायचा. तुम्ही शंभरनं स्वस्त आणलात की, आबा."

"मग? तिला कुठं घासाघीस यायची."

"रविवारी येतो आम्ही. सकाळीच येतो. आणखी काय आणलंय?"

मी कोनाड्याकडं बघितलं.

"मोहरी हाय," मी म्हणालो. "लई हाय."