लाटणं उगारलेली सून

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या मुली नोकरीच्या नाहीतर लग्नाच्या वेळी मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. रेल्वेच्या ऑफिसात असताना मी पाहिलंय, अर्ज बाजूला ठेवून साहेब आधी उमेदवाराचे नेटवरचे फोटो उघडतात. त्यामुळे मी दटावते. हा फोटो काढ, ती कॉमेंट पुस, खातं बंद कर. आणि कुणी वाईटसाईट लिहिलं तर उत्तर द्यायचं नाही, भांडलं की पसरतं. मुली मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

माझी भाची, बहिणीची मुलगी, शिकायला म्हणून माझ्याकडे आली ती इथंच राहिली. तिचं खातं तर मी घासूनपुसून लख्ख केलं होतं. झाशीजवळच्या बबीन्यातल्या एका शाळेत, फौजींची मुलं जातात तिथे, तिने शिकवून दाखवलं होतं. प्रिन्सिपल मॅडम खूश होत्या. फक्त नेमणूक हातात पडायची होती.

आणि नेमकी तेव्हाच मंडळाची मंगळागौर आली. दरवर्षी सासू-सुनेचं भांडण आम्हा दोघींचंच असतं. मी सासू, ती सून. घरात ही पोरगी माझ्याशी हिंदीच बोलते. मराठी कळतं सगळं, पण बोलताना जीभ अडखळते. भांडणाला उभी राहिली की मात्र काय तोंड सुटतं! पदर खोचून, लाटणं उगारून अशी तडातडा बोलते की बाया हसून हसून लोळतात. मला वर्षभर त्या आवाजाची वाट असते, खरं सांगते.

मंडळाचे सेक्रेटरी काका, उत्साही माणूस, त्यांनी व्हिडिओ टाकला. झाशीत मराठी समजणारी घरं किती, याचा त्यांना विसर पडला. शहरातल्या कुठल्याशा पेजने त्यातला लाटणं उगारलेला तुकडा तेवढा कापला आणि वर लिहिलं, ‘पढ़ी-लिखी लड़की का बूढ़ी मौसी पर ज़ुल्म.’

बूढ़ी! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. खाली शिव्यांचा पाऊस. ‘ऐसी लड़की बच्चों को पढ़ाएगी?’ असंही एकाने लिहिलेलं. म्हणजे ओळखणारं कुणीतरी होतं. मी चष्मा लावून तावातावाने उत्तर लिहायला बसले, तर भाचीने फोन काढून घेतला. “मौसी, प्लीज़. लड़ोगी तो और फैलेगा.” माझंच वाक्य मला. मी चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी शाळेतून फोन आला. मौसीजींना घेऊन या.

बसमध्ये समोरची बाई मोबाइलवर काहीतरी पाहायची आणि मान वर करून आमच्याकडे पाहायची. तेच पाहत होती की माझ्या मनाचे खेळ, देव जाणे. भाचीने ओढणी तोंडावर घेतली. ती बबीना येईपर्यंत काढली नाही.

मॅडमनी तिला बाहेर थांबवलं आणि मला एकटीला आत बसवलं. पाणी दिलं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, “माताजी, घर में सब ठीक है ना? डरिए मत, हमें बताइए.”

“डरूँ? मैं?” माझा आवाज चढला. “वो खेल है जी, खेल! हमारे त्योहार का!” मी टेबलावर हात आपटला. मॅडम मान डोलवत होत्या, पण डोळ्यांत नुसती कीव. मी जितकी ओरडत होते, तितकी त्यांना मी काहीतरी लपवणारी वाटत होते. पोरीची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत हातची चालली होती.

शेवटी मी दार उघडून तिला आत ओढलं. कमरेवर हात ठेवला, टेबलावरची लाकडी पट्टी उचलून तिच्या हातात कोंबली आणि सुरू केलं. “अगं ए भवाने, दूध उतू गेलं, लक्ष कुठं होतं तुझं?”

ती पांढरीफटक. पट्टी नुसती धरून उभी.

“बहिरी झालीस का गं? माहेरच्यांनी हेच शिकवलं?”

तिने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ओढणी खोचली. “दूध तुमच्या तोंडाच्या वाफेनं गेलं असेल उतू, सासूबाई!” आणि पट्टी उगारली. मग काय, जुंपली आमची. दारात क्लार्क, शिपाई जमले. शेवटी सुनेने वाकून नमस्कार केला, मी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि दोघींनी त्या ऑफिसातच फुगडीला हात धरले. माझा गुडघा ठणकत होता. ठणकू दे म्हटलं.

मॅडम डोळे पुसत हसत होत्या. “अरे, ये तो सच में खेल है!” माझा जीव भांड्यात पडला. मग त्या गंभीर झाल्या. “नियुक्ति हो जाएगी. लेकिन बेटा, हर पैरेंट को बुलाकर ये नहीं दिखा सकते. आगे से ऐसा कुछ नहीं.”

“जी मैडम,” ती म्हणाली. पट्टी जागेवर ठेवली, अगदी सरळ.

आता ती शाळेत रुळली आहे. मुलांची लाडकी आहे म्हणे. काकांनी पुढे पूर्ण व्हिडिओ हिंदीत समजावून टाकला, तो कुणी फारसा पाहिला नाही. यंदा मंगळागौरीला बायांनी आम्हाला हाका मारल्या, तेव्हा तिने आधी कुणाकुणाच्या हातात मोबाइल आहे ते पाहिलं आणि म्हणाली, “नहीं मौसी, इस बार नहीं.” मी कसा आग्रह करणार? हेच तर मी सगळ्या मुलींना शिकवत आले. खेळात माझी सून दुसरीच कुणी झाली. बरी होती बिचारी.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. मी दारात उभी राहून कमरेवर हात ठेवला. “अगं ए भवाने, दूध उतू गेलं, लक्ष कुठं होतं तुझं?”

ती थांबली. लाटणं हातात तसंच. मग गल्लीकडची खिडकी लावून घेतली, कडी घातली, आणि मला उत्तर दिलं. अगदी हळू आवाजात.