भाऊसाहेबांचे पाचपैकी पाच

विद्यापीठाच्या उपकेंद्रात मी कंत्राटावर लागले, तेव्हा पहिलंच काम आलं ते नव्या ऑनलाइन प्रणालीबद्दल कर्मचाऱ्यांचं मत गोळा करण्याचं. दहा प्रश्न, प्रत्येकापुढं पाचपैकी गुण, खाली नाव आणि सही. दाखल्यांच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी फॉर्म दोन मिनिटांत परत दिला. सगळीकडे पाच.

माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती, म्हणून मला ते पटेना. दाखला मागायला कुणी आलं की ते उठत, खुर्ची पुढं करत, पाणी देत आणि गाव विचारत. बेंबळी म्हटलं की कुठल्या वस्तीवरचे, वडील कोण. जुन्या रजिस्टरात ते गावावरूनच नाव काढायचे. नव्या प्रणालीला गाव कळत नव्हतं. तिला नोंदणी क्रमांक हवा असे, आणि तो सापडेपर्यंत ती भाऊसाहेबांना बाहेर काढायची. पुन्हा पासवर्ड, पुन्हा पहिलं पान. म्हणून ते सगळं आधी वहीत लिहायचे आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, संगणकात भरायचे.

मी चळवळीतल्या घरची, मोर्चांच्या पत्रकांच्या घड्या घालत अक्षरं शिकलेली. मी त्यांना चांगलंच सुनावलं, की खोटे गुण देणं म्हणजे अन्यायावर सही करणं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, तुमच्या घरची पत्रकं म्या लई वाचलीत. खाली 'समस्त नागरिक' असतंय. इथं माझं नाव हाय. म्हाताऱ्याला संगणक येत न्हाय म्हणून टेबल काढून घेतलं, तर?"

मी त्यांचा फॉर्म गठ्ठ्यात न लावता माझ्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले. नळदुर्गच्या एका बाईंचा दाखला काढताना प्रणालीनं भाऊसाहेबांना तीनदा बाहेर काढलं. दाखला मात्र बिनचूक निघाला. मी एकेक पायरी लिहून काढली: कुठं अडलं, किती वेळ गेला, चूक कुणाची. खाली 'समस्त कर्मचारी' लिहायला हात शिवशिवत होता. स्वतःचं नाव लिहिलं.

भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला. 'प्रणाली कुचकामी आहे' हे माझं लाडकं वाक्य खोडलं. "ज्यानं बनवली त्योबी वाचणार हाय," म्हणाले. त्याजागी 'गाव टाकून नाव शोधता यावे' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि माझ्या सहीखाली सही केली.

मग जुना फॉर्म मागून घेतला. पाचांवर काट मारून शेजारी दोन लिहीत गेले. एकच पाच तसाच ठेवला, सहकाऱ्यांची मदत मिळते का, या प्रश्नापुढचा.