आप्पांनी कॉलेजांचाही मानपान केला

मंडळी, घरात कुणी सीईटीच्या कॉलेजांची पसंतीची यादी भरत असेल तर आधी हे वाचा.

आज दुपारी मॉक अलॉटमेंट आली, म्हणजे जागावाटपाची रंगीत तालीम. धाकट्या बहिणीची, सानिकाची, रँक लई चांगली. बेंगळूर नक्की, असं धरून आम्ही पेढेसुद्धा आणलेले. आणि नंबर लागला कुठं? आमच्या शहापूरच्या घरामागच्या कॉलेजात! सानिकानं भोकाडच पसरलं.

मी यादी उघडली. "नक्की मिळेल असं एक कॉलेज शेवटी घाला," असं काल वडिलांना, म्हणजे आप्पांना, सांगून मी ऑफिसला गेलते. ते सगळ्यात वर बसलेलं!

"आप्पा, हे वर कुणी घातलं?"

"मी. जवळच्यांचा मान आधी. लग्नपत्रिकेत कुलदैवत खाली घालत्यात व्हय गं?"

"ही पत्रिका न्हाय आप्पा! वरचं मिळालं की कॉम्प्युटर खालचं बघतच न्हाय!"

खरी फेरी अजून व्हायची आहे, म्हणून वाचलो. मी रागानं ते कॉलेज काढूनच टाकायला निघाले, तर आप्पांनी माझा हात धरला.

"काढू नको. खाली ऱ्हाऊ दे. तुझ्या आत्याच्या लग्नात महादूकाकाचं नाव पत्रिकेत सगळ्यात खाली व्हतं. शेवटच्या पंगतीला वाढायला तेवढा एकटाच उरलाता."

ठेवलं. तुमच्या पोरांच्या यादीत आहे का कुणी महादूकाका?