चांदबीचे आठ ग्लास

सारंगखेड्याची चांदबी घोड्यांच्या गाद्या शिवते, खोगिराखाली घालायच्या. तिथल्या घोड्यांच्या यात्रेआधी दोन महिने तिच्या ओट्यावर कापसाचा ढीग असतो आणि घोडेवाले समोर उकिडवे बसलेले असतात. ती कापूस तोलत नाही. मुठीत दाबते आणि सांगते, पाठ सोलवटेल की नाही. तिच्या गादीनं आजवर एकाही घोड्याची पाठ सोलली नाही. हे घोडेवालेच सांगतात, आणि ती जात कुणाचं सहजासहजी चांगलं बोलत नाही.

तीन वर्षांपूर्वी तिचा गहू सुटला. गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसत नाही. चपाती, पाव, बिस्कीट, सगळं बंद करून ती ज्वारी आणि भगरीवर राहिली, तरी पोटदुखी थांबेना. अकरा किलो वजन उतरलं. थोरली बहीण आतड्याच्या कॅन्सरनं गेलेली, म्हणून डॉक्टर म्हणाले, नळी घालून आतडं आतून बघू. त्यासाठी आधी जुलाबाचं औषध पिऊन पोट धुवावं लागतं. पहिल्या वेळी तिसऱ्या ग्लासाला सगळं उलटून पडलं. आतडं साफ नाही, काही दिसलं नाही, परत पाठवलं. पुन्हा असंच झालं तर सुरतेला भरती व्हा म्हणाले.

चांदबी म्हणाली, आता जातच नाही.

मी तिची जुनी मैत्रीण. तिचा नवरा सत्तारभाई माझ्याकडे नंदुरबारला आला, पायरीवर बसला आणि तिला समजाव म्हणाला. मी तिला फोन लावला. "तुला नळीची भीती की औषधाची?"

"औषधनी. नळीनी येळले तर गुंगी देतस."

"मग औषध मी शोधते. तू ये."

डॉक्टरांनी तीन औषधं लिहून दिली, यातलं सोसेल ते घ्या म्हणाले. इंद्रसिंगच्या मेडिकलवर मी तिन्ही खोकी मांडायला लावली. पहिलं संत्र्याच्या वासाचं, तेच जे उलटलं होतं. दुसऱ्यात गोळ्या. खोक्यावर बारीक अक्षरात स्टार्च लिहिलेलं.

"कसला स्टार्च? मक्याचा की गव्हाचा?"

"ताई, औषधात गहू कोण टाकेल?"

"तू खाणार आहेस का? नाही ना? मग कंपनीचा नंबर दे."

फोनवरची मुलगी म्हणाली, मेल करा. मी म्हटलं, परवा सकाळी बाईची तपासणी आहे, तुझा मेल काय तिच्या पोटात घालू? पुढं बरंच बोलले. तोवर चांदबी दुकानात येऊन उभी राहिली होती. "रुपाताई, तू कंपनीले शिव्या दी ऱ्हायनी, ऐकी ऱ्हायनी ती बिचारी पोर." मग मी आवाज खाली आणला. गोळ्यांचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. तिसऱ्या खोक्यातली पावडर लिंबाच्या चवीची होती. तिच्या कंपनीनं तासाभरात मोबाइलवर लेखी पाठवलं: ग्लूटेन नाही. मी ते डॉक्टरांना दाखवलं. हेच घ्या म्हणाले. रस्त्यात उडी मारावी इतका मला आनंद झाला.

चांदबी दोन दिवस माझ्याकडेच राहणार होती. येताना तिनं स्वतःची ज्वारी, मूग, तांदूळ, हिंगाची डबी आणि चार अर्धवट गाद्याही आणल्या. दवाखान्याच्या कागदावर तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी चालणारं खाणं छापलेलं: ब्रेड, रवा, मैद्याची बिस्किटं. मी डॉक्टरांना विचारून त्याजागी मऊ भात घातला. दुपारी मुगाचं गाळलेलं पाणी. तिनं त्यात हिंग टाकायला डबी उघडली. घरात कुणाचंही पोट फुगलं की ती हिंग देते, स्वतःला तर दोन्ही वेळा.

मेडिकलवर गेल्यापासून माझी नजर खोक्यांवरच्या बारीक अक्षरांवर बसलेली. मी डबी फिरवून वाचली. हिंग, डिंक, गव्हाचं पीठ.

"चांदबी, हिंगात गहू आहे."

"हिंगमा? हिंग तं झाडना चीक शे."

"नुसता कोण विकतो? पीठ घालून विकतात. हे बघ."

तिनं डबी घेऊन डोळ्यांजवळ धरली. "तीन वरीस व्हयनात, मन्हा घरमा गहूना दाना नही," ती म्हणाली. "आन पोट दुखाले लागनं का मीच हिंगनी चिमटी टाकू." मग इतकं हसली की मुगाचं पाणी सांडलं. मी हसले नाही. मला डबीवाल्याचा राग आला होता, आणि तीन वर्षं तिच्या चुलीपाशी बसून ती डबी न वाचणाऱ्या माझा त्याहून जास्त.

संध्याकाळी पाच वाजता औषध सुरू झालं. दोन लिटर, आठ ग्लास. चार आत्ता, चार पहाटे. पहिला तिनं नाक दाबून प्यायला आणि म्हणाली, हे पाणी नाही, शिक्षा आहे. दुसरा तिनं लांब सरकवला. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हातानं गप्प केलं, गादी ओढली आणि दाभणात दोरा ओवला. एक ओळ शिवायची, एक ग्लास प्यायचा, उठून जायचं, येऊन पुन्हा ओळ. ओळ अर्धी असताना ग्लासाकडे बघायचंच नाही. तिसरा उतरला. तो पोटात राहतो का, म्हणून मी दाराला टेकून उभी. राहिला. चौथाही राहिला.

पहाटे सत्तारभाई रिक्षा घेऊन आला तेव्हा ती सातव्यावर होती. आठव्याला मळमळ वर आली. ती थांबली, ओळ उसवली, परत शिवली, आणि मग एका दमात प्यायली.

हिंगाची डबी मी डॉक्टरांना सकाळीच दाखवली होती. साडेअकराला ते बाहेर आले. "आतडं एकदम स्वच्छ होतं, सगळं दिसलं. गाठ कुठेच नाही. दोन ठिकाणचे बारीक तुकडे तपासायला पाठवतोय. ते हिंग मात्र आजपासून बंद."

सत्तारभाई भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आतून स्ट्रेचर आलं. चांदबीचे डोळे अर्धेच उघडे होते.

"तुम्ही काय रडी ऱ्हायनात?" ती म्हणाली. "माले भूक लागनी. जा, भात लई या."